रविवारचं पाणी

मैत्रीला जोडाक्षरं अजून अडायची, पण बापाचं नाव ती रस्त्याच्या पलीकडूनही ओळखायची. दुधाची पिशवी हेलकावत ती गेटपाशी थांबली आणि मान वर करून म्हणाली, "मम्मी, बाबांचा फोटो! परत लावला बघ!"

रश्मीने वर पाहिलं.

फोटो तोच होता. पांढरा शर्ट, खांद्यावर सोनेरी पट्ट्या आणि फोटोग्राफरने 'हसा साहेब' म्हटल्यावर आलेलं ते अर्धवट, संकोचलेलं हसू. सम्यकला विमान कंपनीत नोकरी लागली तेव्हा मंडळाच्या पोरांनी याच गेटवर हाच फोटो लावला होता. तेव्हा इमारत नवी होती. चाळ पाडून बिल्डरने पुढे श्रीमंतांचा टॉवर बांधला होता आणि जुन्या भाडेकरूंना मागची ही विंग दिली होती. 'परळचा पोरगा आकाशात' म्हणून अख्ख्या गल्लीने पेढे खाल्ले होते. आजच्या फ्लेक्सवरही कडेची निळी पट्टी तीच होती, खाली ओळीने गॉगल लावलेले कार्यकर्तेही तेच. फक्त मधली अक्षरं बदलली होती. 'हार्दिक अभिनंदन'च्या जागी 'भावपूर्ण आदरांजली' आलं होतं. गेलेल्या माणसाच्या नावाआधी लावतात तो 'कालकथित' शब्द सम्यकच्या नावाआधी लागला होता. आणि त्याखाली: जलदान विधी व पुण्यानुमोदन, रविवार, सकाळी अकरा.

गेलेल्या माणसाच्या नावाने पाणी ओतायचा विधी. रविवार म्हणजे आज.

"का-ल-क-थि-त," मैत्रीने हवेत बोट फिरवत वाचलं. "म्हणजे काय गं?"

"मोठ्यांचा शब्द आहे. चल, दूध नासेल."

रश्मीने तिला खांद्याला धरून वळवलं. रस्त्यापलीकडे चौकटीच्या शर्टातला एक तरुण मोबाइल वर धरून उभा होता. तिने त्याला पाहिलं, आणि लिफ्टपर्यंत पोचताना विसरलीही. आजकाल तिचं असंच व्हायचं. दिसायचं सगळं, पण कशाची काळजी आधी करायची ते ठरायचं नाही.

मालदीवमधल्या मालेहून मुंबईला निघालेलं विमान रडारवरून नाहीसं झालं त्याला आठवडा होत आला होता. सम्यक त्यात सहवैमानिक होता. पाण्यावर जहाजं शोधत होती, वरून विमानं शोधत होती आणि जमिनीवर अख्खा देश शोधत होता. एका चॅनेलवर एक निवृत्त वैमानिक खेळण्यातलं विमान हातात धरून वळणं दाखवायचा. दुसऱ्यावर एक ज्योतिषी 'पाण्याजवळ आहे, पण पाण्यात नाही' एवढंच सांगून गूढ चेहऱ्याने गप्प बसायचा. कुणी म्हणे अपहरण झालं, कुणी म्हणे एका बेटावर उतरवलंय. खालचा भाजीवाला मेथीची जुडी बांधता बांधता बॅटरीला आग लागल्याचं समजावून सांगायचा. पण गेल्या दोन दिवसांत सगळ्या तर्कांचं तोंड एकाच दिशेला वळलं होतं. कॉकपिटमधल्या दोघांपैकी एकाने मुद्दामच केलं असेल तर? कॅप्टन निवृत्तीला आलेले, नातवंडांचे आजोबा. मग राहिला कोण? कुणीतरी सम्यकचं जुनं अकाउंट उकरून सहा डिसेंबरचा त्याचा चैत्यभूमीवरचा फोटो शोधला आणि खाली लिहिलं, 'कोट्यातला पायलट.' थोरला दीर प्रफुल्ल त्यावर एवढंच म्हणाला होता, "खासगी विमान कंपनीत कोटा असतो? आम्हालाच कुणी कळवलं नाही वाटतं."

रश्मीलाही राग यायचा. पण रागाच्या तळाशी आणखी काहीतरी होतं आणि ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. निघायच्या आदल्या दिवशी सम्यकने माळा रिकामा केला होता. दोन वर्षं ती मागे लागली होती तेव्हा हलला नाही, आणि त्या दिवशी ती मैत्रीला घेऊन माहेरी, नायगावला गेली असताना त्याने आपणहून खोके उतरवले. अभ्यासाची जुनी पुस्तकं रद्दीत घातली. संध्याकाळी ती आली तर स्टुलावर उभा राहून फडकं मारत होता. म्हणाला, "बघ, मागे काही ठेवलं नाही."

तेव्हा तिला हसू आलं होतं. आता तेच वाक्य डोक्यात घुमत होतं, अगदी चॅनेलवाल्यांच्या आवाजात.

नवव्या मजल्यावर दोन्ही भावांचे फ्लॅट समोरासमोर होते. मधल्या जागेत गावच्या माणसांच्या चपलांचा ढीग पडला होता. ती दुधाला गेली तेवढ्यात सम्यकच्या हॉलमध्ये पांढऱ्या चादरी अंथरल्या होत्या. महाडहून आलेली कौसल्यामावशी, सासूची धाकटी बहीण, चादरीची सुरकुती हाताने सरळ करत होती.

"फ्लेक्स कुणी लावला?" रश्मीने दारातूनच विचारलं.

"लागला काय? बरं झालं," मावशी म्हणाली. "मानसांना शोधत फिराया नको."

प्रफुल्ल खुर्चीवरून अर्धवट उठला. पालिकेत नोकरी, विहाराच्या समितीत शब्दाला मान. एरवी कुणासमोर न बावरणारा माणूस. "हळू बोल रश्मी. आई आत पडलीय."

"कुणी लावला, भाऊजी?"

"पोरांनी."

"पोरांना कुणी सांगितलं?"

"गावची माणसं कालच आली. मी समितीत फक्त म्हटलं होतं की रविवारपर्यंत काही कळलं नाही तर बघू. बघू म्हटलं होतं!"

"मग बघायच्या आधीच छापलं? शोध चालू आहे अजून. आणि आपल्याच गेटवर कालकथित? मैत्रीने वाचलं ते."

सगळे मैत्रीकडे बघायला लागले. ती चपलांच्या ढिगात आपल्या चपलेची जोडी लावत होती.

मोठी जाऊ प्रिती स्वयंपाकघरातून हात पुसत आली. या दोघींचं फारसं कधी जमलं नव्हतं. प्रितीच्या मते रश्मी शिकलेली म्हणून आखडते, आणि रश्मीच्या मते प्रिती थोरली म्हणून चालवते. प्रितीने नवऱ्यापुढे हात केला. "फोन द्या."

"कशाला?"

"द्या तर."

तिने वर सरकवत सरकवत काल दुपारचा मेसेज काढला. मंडळाच्या विनीतने फ्लेक्सचं डिझाइन पाठवलं होतं. खाली विचारलं होतं, 'दादा, फायनल करू?' आणि त्याखाली प्रफुल्लचं उत्तर. जोडलेले दोन हात.

"हे काय?" प्रितीने फोन त्याच्या डोळ्यांसमोर धरला.

प्रफुल्ल बघत राहिला. "अगं, मी सगळ्यांनाच तेच पाठवतोय! सांत्वन आलं की हात, चौकशी आली की हात. साहेबाने रजा मंजूर केली, त्यालाही हात. मी उघडून बघितलंच नाही."

"पोराने हो समजलं."

"म्हणजे काय? ते 'हो' असतं का?"

"आपल्याकडे असतं," प्रिती म्हणाली.

"मग काढा तो," रश्मी म्हणाली.

"आता?" मावशीने चादर सोडली. "लावलेला काढायचा? लोक म्हनतील, मेला का जिता तेच ठरंना यांचं!"

"काढायचा नाय."

आतल्या खोलीच्या दारात कमळाबाई उभी होती. पांढरं पातळ नेसून तयार. या आठवड्यात सासू बोलत नाही म्हणजे तिचा जीव मुलाच्या वाटेवर लागलाय, असं रश्मीने धरलं होतं. ती आपल्याच बाजूची आहे असं तिला मनोमन वाटत होतं.

"फ्लेक्स पोरांनी चुकून लावला आसंल," कमळाबाई म्हणाली, "पन विधी आजच व्हनार."

"आई, पण कशावरून—" रश्मी म्हणू लागली.

"मी कुठं म्हनते काय कळलंय म्हनून?" ती भिंतीला हात लावून खाली बसली. "गिरनीच्या संपाच्या टायमाला माझा भाऊ गेला घरातून. काम बघतो म्हनाला. आलाच नाय. आमच्या आयनं मरस्तोवर त्याचं ताट वाढलं. रातच्याला वाढायची, झाकून ठेवायची, सकाळी तेच शिळं आपन खायची. कौसल्ये, खोटं काय?"

मावशीने मान हलवली.

"आमी चार पोरं होतो अजून. आजारी पडलो, शाळेत पयले आलो, लग्नं झाली. आमाला आय नव्हती. ती ताटापाशी बसलेली. मैत्रीला तसली आय मिळू नये म्हनून सांगते. आज पानी ओता, मोकळ्या व्हा."

रूढी, लोकलाज, गावची माणसं, या सगळ्यांशी भांडायची रश्मीची तयारी होती. या बोलण्याशी भांडायची नव्हती.

प्रफुल्लचा फोन वाजला. पलीकडे विनीत होता. आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. "दादा, सॉरी दादा, जरा टीव्ही लावा ना. आपला फ्लेक्स दाखवतायत."

टीव्ही लागला. पडदाभर सम्यक हसत होता, संकोचून. 'कालकथित'भोवती लाल वर्तुळ काढलं होतं. खाली पट्टी धावत होती: विमान सापडलं नाही, मग घरच्यांना कसं कळलं?

"शोधमोहीम सुरू असताना," निवेदक श्वास न घेता बोलत होता, "सहवैमानिकाच्या कुटुंबाने अंतिम विधीची वेळसुद्धा जाहीर केली! या कुटुंबाला असं काय माहीत आहे, जे देशाला माहीत नाही?"

फोटोच्या कोपऱ्यात एका बाईची पाठ होती. तिने एका लहान मुलीला खांद्याला धरलं होतं. दोन वेण्या, लाल रिबिनी.

"अगो बाय," मावशी पुटपुटली, "ही तर आपली मैत्री."

"मम्मी, मी टीव्हीवर!" मैत्री ओरडली. मग तिने सगळ्यांचे चेहरे पाहिले आणि हळूच विचारलं, "मी काय केलं?"

प्रितीने टीव्ही बंद केला. मैत्रीला मावशीच्या मांडीवर बसवलं आणि रश्मीला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं. रश्मी ओट्याला पाठ लावून उभी राहिली. समोर माळा होता. दार अर्धं उघडं, आत मोकळा अंधार.

"ताई, त्यांचं खरं असेल तर?"

"कुणाचं?"

"त्या टीव्हीवाल्यांचं." आठवडाभर आवळून धरलेलं एकदम सुटलं. "त्याने माळा रिकामा केला. जायच्या आदल्या दिवशी. मी बोलले पण नव्हते. पुस्तकं रद्दीत दिली, सगळं पुसून घेतलं. म्हणाला, मागे काही ठेवलं नाही. कुणी असं का करेल, ताई? मी त्याचे सगळे चॅट वाचले. शर्टाचे खिसे बघितले. मी त्याची बायको आहे आणि मी खिसे बघितले."

प्रिती माळ्याकडे बघत राहिली. मग रश्मीकडे.

"झुरळं," ती म्हणाली.

"काय?"

"अगं, झुरळांचं औषध मारायला माणूस येणार होता ना अख्ख्या मजल्यावर! तू नायगावला होतीस. मीच सम्यकला म्हटलं, तुझ्या माळ्यावरची झुरळं माझ्या किचनमध्ये येऊन जेवतात. आज माळा मोकळा केला नाहीस तर परत माझ्याकडे मटणाला यायचं नाही. तर म्हणतो कसा, वहिनी, एक खोका मागे ठेवत नाही, पण मटण ठेवा." प्रितीने ओट्यावरचं पातेलं उगाच सरकवलं. "दुसऱ्या दिवशी ती बातमी आली. औषधवाल्याला मी दारातूनच परत पाठवला."

रश्मीला हसू आलं. ते हसूच होतं, निदान सुरुवातीला. मग त्याचं रडू झालं. प्रितीने तिला धरलं आणि दोघी ओट्याला टेकून फरशीवर बसल्या. दोघी इतक्या जवळ याआधी कधी बसल्या होत्या, कुणालाच आठवलं नसतं.

यातून काही सिद्ध होत नव्हतं. विमानात काय झालं ते झुरळांवरून कळणार नव्हतं. पण या आठवड्यात रश्मी आपल्या नवऱ्याकडे परक्यांच्या डोळ्यांनी बघत होती, ते थांबलं. मटणासाठी माळा पुसणारा माणूस तिला परत दिसला.

ती उठली, तोंडावर पाणी मारलं आणि आतल्या खोलीत गेली. कमळाबाई पुन्हा पलंगावर जाऊन बसली होती. रश्मी तिच्या पायाशी टेकली.

"आई, आज आपण पाणी ओतलं तर ते आपण ओतलेलं नसेल. त्या टीव्हीवाल्यांनी आपल्याकडून ओतून घेतलेलं असेल. उद्या तेच पाणी त्याच्याविरुद्ध दाखवतील."

"मानसं आल्यात. त्यांना काय परत पाठवू?"

"नको. बसू दे सगळ्यांना. जलदानाऐवजी परित्राण पाठ करू. मैत्री पोटात होती तेव्हा तुम्हीच घातला होतात माझ्यासाठी."

कमळाबाईने पदर सारखा केला. "परित्राण जित्या मानसाचं आसतं. राखन व्हावी म्हनून."

"हो."

"आनि तो जिता नसला तर?"

रश्मीने तो प्रश्न टाळला नाही. "तर ते मैत्रीसाठी होईल. तुमच्यासाठी. त्या विमानातल्या सगळ्यांच्या घरी आज जे कोणी असे बसलेत, त्यांच्यासाठी."

"आनि पक्कं कळंल त्या दिवशी?"

"त्या दिवशी पाण्याचं भांडं मी स्वतः उचलीन."

"ताट वाढून बसायचं नाय."

"नाही बसणार."

"माझ्या हातावर हात ठेवून सांग."

रश्मीने हात ठेवला. सासूचा हात थंड होता आणि तिने तो पटकन सोडला नाही.

प्रफुल्ल दारात उभा राहून ऐकत होता. त्याने स्वयंपाकघरातली सुरी घेतली आणि खाली गेला. खिडकीतून प्रितीने पाहिलं: गेटवर चॅनेलची गाडी येऊन लागली होती, विनीत आणि पोरं शिडी घेऊन धावली, पण प्रफुल्लने त्यांना हातानेच मागे केलं. वॉचमनच्या खुर्चीवर चढून त्याने एकेक दोरी स्वतः कापली. भावाचा चेहरा रस्त्यावर पडू नये म्हणून शेवटची दोरी कापताना त्याने फ्लेक्स छातीशी धरला. समोर माइक आला होता. तो काहीतरी बोलला.

वर आला तेव्हा गुंडाळी काखेत होती आणि शर्ट घामाने भिजला होता.

"काय विचारलं त्यांनी?" प्रितीने विचारलं.

"घरच्यांना काय माहीत आहे, म्हणून विचारलं. म्हटलं, चूक झाली एवढंच माहीत आहे, आणि ती माझी."

"मग?"

"मग काय, कॅमेराच बंद केला. चूक कुणाला पाहिजे असते?" तो रश्मीपुढे येऊन थांबला. नकळत त्याचे हात जुळायला लागले. अर्ध्यावर त्याच्या ते लक्षात आलं आणि त्याने ते मागे घेतले. "रश्मी, मी बघायला हवं होतं गं."

"चहा घ्या भाऊजी," ती म्हणाली. "सकाळपासून नुसते बसलात."

अकराला बौद्धाचार्य अभय आले. एरवी बँकेत काम करणारे, रविवारी पांढऱ्या सदऱ्यात घरोघर विधी लावणारे. जलदानाचं भांडं त्यांनी पिशवीतून बाहेर काढलंच होतं. प्रफुल्लने त्यांना बाजूला घेऊन दोन वाक्यं सांगितली. त्यांनी भांडं परत पिशवीत ठेवलं.

"मग दोरा लागेल. पांढरा. आहे का घरात?"

अशी तयारी कुणीच केली नव्हती. मग कौसल्यामावशी कुरकुरत उठली. तिने आपल्या पिशवीतून गोधडीच्या दोऱ्याचं रीळ काढलं आणि कमळाबाईच्या मांडीत टाकलं. "घे. गोधडी काय, हिवाळ्यापत्तूर होईल."

बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे मेणबत्त्या लागल्या. पाण्याने भरलेल्या कलशाला दोऱ्याचे वेढे देऊन अभयनी टोक कमळाबाईच्या हाती दिलं. तिथून दोरा मावशीकडे गेला, प्रफुल्लकडे, प्रितीकडे, रश्मीकडे, तिच्या मांडीवरच्या मैत्रीकडे. मग दारातून बाहेर, चपलांच्या ढिगावरून, गावच्या माणसांच्या हातांतून थेट लिफ्टपर्यंत. लिफ्टपाशी विनीत उभा होता. फ्लेक्सवरचा त्याचा गॉगल आत्ता शर्टाला अडकवलेला होता. दोरा आपल्याला धरायला मिळेल का नाही याची त्याला खात्री नव्हती. पुढच्या म्हाताऱ्याने मागे न बघताच तो त्याच्या हातात दिला.

पाठ सुरू झाला. पालीचे शब्द मैत्रीला कळत नव्हते, पण दोऱ्यातून आवाजाची बारीक थरथर येत होती. ती डोळे मोठे करून बोटांकडे बघत राहिली. रश्मीला आठवड्यात पहिल्यांदाच कसलीही शक्यता मोजावीशी वाटली नाही.

शेवटी दोरा तोडून मनगटांवर बांधायला सुरुवात झाली. मैत्रीने स्वतःची गाठ बघितली, मग मोठ्याने विचारलं, "आणि बाबांचा?"

कमळाबाईने मान वर केली. तिची नजर रश्मीवर खिळली होती आणि त्या नजरेत झाकलेलं एक ताट होतं.

रश्मीने रिळाचा आणखी एक तुकडा तोडला. "बाबांचापण तुझ्याच हातात. दोन बांधू."

"बाबा येईपर्यंत?"

"दोरा आहे ना, बाळा. अंघोळी होतील, खेळशील, झिजेल. एक दिवस आपोआप तुटेल. तुटेपर्यंत राहू दे."

मैत्रीला ते पटलं. तिने मनगट पुढे केलं. रश्मीने दुसरा दोरा बांधला.

कमळाबाई सरकत पुढे आली. तिने नातीचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि गाठ चाचपून पाहिली.

"सैल बांधलीस," ती सुनेला म्हणाली. "उद्याच निसटंल अशानं."

आणि तिने वाकून, दातांत टोक धरून, त्यावर आणखी एक गाठ मारली.